सकाळी वल्हं, दुपारी पायवाट : धोमचं पाणी आणि कमळगडाचं रान एका दिवसात

माझा मामेभाऊ सांगलीवाडीचा. मी कयाक, म्हणजे दोन पात्यांच्या वल्ह्यानं चालवायची एक-दोन माणसांची चिंचोळी होडी, घेऊन वाईला निघालो असं कळलं की त्याचा फोन ठरलेला. "अरे, आमच्या दारात कृष्णा आहे. दीडशे किलोमीटर लांब धरणावर कशाला जातोस?"

कृष्णा त्याच्या दारात आहे हे खरं. पावसाळ्यात सांगलीत होड्यांच्या शर्यती लागतात तेव्हा दोन्ही काठांवर उभं राहायला जागा नसते, हेही खरं. पण त्या लांब होड्या असतात, एकेका होडीत वल्ही मारणाऱ्यांची अख्खी फौज असते. कयाक म्हणजे पाण्याच्या अंगाला अंग लावून बसायचं. तुमचा हात सतत पाण्याजवळ. आणि भिलवडी, औदुंबर, कसबे डिग्रजच्या पट्ट्यात कृष्णेला मगरी आहेत. नदीकाठच्या गावांत धुणं धुताना, जनावरं पाण्यावर नेताना माणसं त्यांच्यावर नजर ठेवूनच असतात. हिवाळ्यात, म्हणजे नेमक्या आपल्या सोयीच्या दिवसांत, मगर ऊन खायला काठावर येऊन पडते. तिथं नवख्यानं कयाक टाकू नये, एवढंच मी मामेभावाला दर वेळी सांगतो. तो हसतो.

दुसरा पर्याय सगळ्यांच्या तोंडी असतो तो कोयनेचा. बामणोली, तापोळा, कोयना धरणाचा शिवसागर जलाशय. जागा अप्रतिम आहे, वाद नाही. पण पलीकडचा काठ म्हणजे कोयना अभयारण्य, आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. पलीकडच्या वासोटा किल्ल्याला जायचं तर वनखात्याची परवानगी काढायची, बोट क्लबची बोट घ्यायची आणि ठरल्या वेळेत परत यायचं. आपली कयाक घेऊन तिकडं वळायचं नाही. मुनावळ्यात जलपर्यटन केंद्र झालंय, तिथं प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली हात साफ करून घ्यायला हरकत नाही. उलट, ज्यानं कधीच वल्हं धरलेलं नाही त्यानं आधी अशा ठिकाणी तासभर घालवावाच. मात्र स्वतःच्या वेळेनं, प्रशिक्षक सोबत न घेता, पाणी आणि रान दोन्ही एका दिवसात करायचं असेल तर मी धोमचं नाव घेतो. सकाळी धोम धरणाचा फुगवटा, म्हणजे भिंतीमागं साठलेलं पाणी, दुपारी कमळगड. वाईपासून दोन्ही जवळ.

दिवस कोणता धरायचा

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर. पावसाळ्यात पाण्याकडं फिरकायचंसुद्धा नाही. तेव्हा विसर्ग चालू असतो, पाणी गढूळ असतं आणि रानात जळवा. ऑक्टोबरात धरण भरलेलं दिसतं, पण दुपारी ढग कधी जमतील याचा भरवसा नसतो. मार्चनंतर उलटा त्रास. पाणी खाली जातं आणि मूळ काठ नि पाणी यांच्यामध्ये गाळाचा पट्टा उघडा पडतो. वरून सुकलेला, भेगाळलेला, आतून लोण्यासारखा. त्यात पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि चप्पल तिथंच राहते. माझी एक तिथंच आहे.

शक्यतो आठवड्यातला मधला दिवस घ्या. रविवारी काठावर स्पीकर असतात.

परवानगी आणि गावकी

धरण जलसंपदा खात्याचं आहे. आपली कयाक पाण्यात घालायची तर आदल्या आठवड्यात त्यांच्या वाई भागातल्या कार्यालयात विचारून घ्या. भिंत, सांडवा, दरवाजे आणि कालव्याचं तोंड यांच्या आसपास जायचं नाही. ही सूचना पाटीवर असो वा नसो, तिथल्या ओढीपुढं वल्ह्याचं काही चालत नाही. ज्यांच्याकडं स्वतःची कयाक नाही त्यांनी काठावरच्या तंबू-मुक्कामवाल्यांकडं चौकशी करावी. काहींकडं भाड्यानं मिळते, पण लाइफ जॅकेट धड नसेल तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

काठावर पोचलात की पहिल्यांदा मासेमारी करणाऱ्यांना गाठा. जाळी कुठं लावलीत हे त्यांनाच ठाऊक असतं. पाण्यावर तरंगणाऱ्या थर्मोकोलच्या तुकड्यांची किंवा प्लास्टिकच्या बाटल्यांची रांग दिसली की खाली जाळं आहे असं समजायचं आणि लांबून वळसा घालायचा. वल्ह्यात जाळं अडकलं तर तुमची सकाळ जाते, त्यांची आठवड्याची कमाई जाते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका म्हाताऱ्या मामांनी माझ्या बोटीकडं बघून एवढंच विचारलं होतं, "ही हवा भरलेली का? मग वारं सुटायच्या आत माघारी या, पाव्हणं." मी मान हलवली आणि ऐकलं नाही. त्याची गोष्ट पुढं येतेच.

बोट कुठली, सोबत काय

नवख्यांसाठी वर बसायची कयाक बरी, ज्यात पाय उघडे राहतात. उलटली तर माणूस आत अडकत नाही, नुसता बाहेर पडतो. हवा भरायची दोन माणसांची कयाक गाडीच्या डिकीत मावते, हा तिचा मोठा गुण. दोष असा की ती हलकी असते आणि वाऱ्याला पत्रावळीसारखी उडते.

लाइफ जॅकेट घालून पट्टे आवळा आणि सोबत्याला खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत वर आलं तर ते तुमच्या मापाचं नाही. चांगलं पोहता येतं म्हणून जॅकेट न घालणारे महाभाग दर ट्रिपला एक तरी भेटतात. थंडीतल्या सकाळी गार पाण्यात एकदम पडलं की आधी श्वासच अडकतो, पोहणं नंतर आठवतं. जॅकेटला शिट्टी बांधा.

सामान दोन पिशव्यांत. पाण्यावरची पिशवी छोटी : ड्राय बॅगमध्ये (पाणी आत न शिरणाऱ्या पिशवीत) फोन, गाडीची किल्ली, एक लिटर पाणी, चिक्की. ड्राय बॅग नसेल तर आटे असलेल्या झाकणाची प्लास्टिकची बरणी चालते, आईला विचारून घ्या. डोंगरावरची पिशवी गाडीत : कोरडे कपडे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, माणशी तीन लिटर पाणी, भाकरी-ठेचा किंवा दशम्या, गूळ-शेंगदाणे, मीठ-साखर-लिंबू किंवा ओआरएसची पाकिटं, बॅटरी, पॉवर बँक, चिकटपट्टी. चिकटपट्टी कशाला ते सांगतो. जीन्स दोन्हीकडं नको. ओली झाली की ती वाळत नाही, आणि चढावर मांड्या सोलते.

आदल्या रात्री घरच्या कुणाला तरी लिहून पाठवा : गाडी कुठं लावणार, कुठून चढणार, किती वाजता फोन करणार, आणि त्या वेळेनंतर दोन तासांत फोन नाही आला तर काय करायचं. आणीबाणीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, वनखात्याची मदत हवी तर १९२६. हे आकडे कागदावरही लिहून ठेवा, कारण फोन भिजतो तेव्हा त्यातले आकडेही भिजतात.

पाण्यावर

साताऱ्याहून महामार्गानं पाचवड फाटा, तिथून वाई. सगळं मिळून पस्तीसेक किलोमीटर. पुण्याकडून येणारे सुरूरला वळतात. सांगलीकरांनी आदल्या रात्री वाईतच मुक्काम करावा, कारण पहाटे तीनला उठून गाडी चालवायची, वल्हं मारायचं आणि मग चढायचं, हे काही खरं नाही. वाईतून धोम आठ-नऊ किलोमीटर.

डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. खोऱ्यात पाण्यावर धुकं असेल तर ते उठेपर्यंत थांबा. पलीकडचा काठ दिसल्याशिवाय खोल पाण्यात जायचं नाही. तेवढ्या वेळात उथळ पाण्यात तालीम करून घ्या.

वल्हं दोन्ही हातांनी डोक्यावर धरा, कोपरं काटकोनात आली म्हणजे हातांतलं अंतर बरोबर. खाली घेताना पात्याची आत वळलेली बाजू तुमच्याकडं हवी. हातानं ओढू नका. पाय पुढं टेकवून कंबरेतून अंग वळवा, म्हणजे जोर पाठीतून येतो. विळीवर नारळ खवताना सगळी ताकद मनगटात काढणारी माणसं जशी लवकर दमतात तसंच इथं होतं. डावीकडं वळायचं तर उजवीकडं लांब, अर्धगोल फटका. थांबायचं तर पातं पाण्यात उभं खुपसून दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं पुढं रेटा. सरळ जाणं सगळ्यात अवघड, पहिला अर्धा तास बोट सापासारखी जाते. जाऊ द्या.

मग मुद्दाम उलटा. कंबरभर पाण्यात, सोबती शेजारी उभा असताना. बोट सरळ करा, मधोमध येऊन दोन्ही हातांनी धरा, पाय पाण्यात मागं झाडा, म्हणजे अंग आडवं होतं. आधी पोट बोटीवर, मग वळून बूड, मग पाय. तीन वेळा जमलं की पुढं जा. जमलं नाही तर त्या दिवशी उथळातच खेळा आणि लवकर डोंगराकडं निघा. पोरांसमोर, काठावरच्या म्हशींसमोर ओलं व्हायला लाज वाटते हे मला मान्य आहे.

आता त्या मामांच्या बोलण्याची गोष्ट. त्या दिवशी सकाळी पाणी आरशासारखं होतं. पाठीवर अगदी मंद झुळूक होती, ती वारा आहे हे मला कळलंच नाही. मला वाटलं, माझाच हात बसला. पाऊण तासात भरपूर अंतर कापलं, फोटो काढले, परत वळलो आणि मग समजलं. ऊन वर आलं तसा वारा वाढत गेला. पाचगणीच्या पठारावरून पॅराग्लायडिंगवाले उन्हानं तापून उठणाऱ्या ज्या हवेवर तरंगतात, तिची जागा घ्यायला धावणारी हवा खाली खोऱ्यात तुमच्या तोंडावर येते. मी वल्हं मारत होतो आणि काठावरचं झाड जागचं हलत नव्हतं. शेवटी काठाला लागलो आणि बोट खांद्यावर घेऊन, गाळ तुडवत, तासभर चालत परतलो. चप्पल त्या दिवशीच गेली.

तेव्हापासूनचा माझा नियम : काठावर उभं राहून वाळकं गवत मुठीतून सोडायचं. ते जिकडं उडतं त्याच्या उलट दिशेला, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर, आधी जायचं. दमायचं ते जाताना, परतताना वारा आपला नोकर. काठापासून पन्नास मीटरच्या आतच राहायचं. मधून आरपार जायचा मोह होतो, तो आवरायचा. नवख्याची कयाक शांत पाण्यात ताशी तीनेक किलोमीटर जाते, म्हणून पाऊण तास जायचं, घड्याळ बघून वळायचं. किती लांब आलो ते मोजू नका, वेळ मोजा. साडेनवाला बोट काठावर असलीच पाहिजे.

पाण्यातून सगळीकडं डोंगर दिसतात. पांडवगड, मांढरदेवीची बाजू, पाचगणीचं सपाट टेबल. पाण्यातून वर आलेल्या वाळक्या फांद्यांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले असतात. त्या फांद्यांच्या जवळ जाऊ नका. वर दिसतं त्याहून खाली जास्त असतं, आणि हवेची बोट फाटायला एक टोक पुरतं.

मधला तास

कपडे बदला. ओल्या कपड्यांत चढायला सुरुवात करू नका. कयाक गाडीत मावत नसेल तर काठाजवळच्या एखाद्या घरी पडवीत ठेवायची विनंती करा. चहाला नाही म्हणू नका आणि निघताना हातावर काही टेकवा.

धोमच्या देवळात पाच मिनिटं थांबता येईल, कासवाच्या पाठीवर बसवलेला नंदी एकदा पाहावा असाच आहे. मेणवलीचा घाट, नाना फडणविसांचा वाडा आणि १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आणलेली ती मोठी घंटा मात्र दुसऱ्या दिवसावर टाका. दोन्ही करू म्हणणारे हमखास अंधारात उतरतात.

रानात

कमळगडाला मी वासोळे-तुपेवाडीच्या बाजूनं चढतो. वाट कुठून सुटते ते गावात कुणालाही विचारा, पण "वाट सोपी आहे का?" असं विचारू नका. त्यांच्यासाठी सगळ्याच सोप्या. "ओढा किती वेळा ओलांडायचा?", "डावीकडं कुठं वळायचं नाही?" असे प्रश्न विचारा, त्यांची उत्तरं उपयोगी पडतात. नकाशा आणि वाटेचा ट्रॅक फोनमध्ये आधीच उतरवून घ्या, दांडाच्या आड गेलं की रेंज जाते.

पहिला टप्पा दाट झाडीतला, अंगावर येणारा चढ. झाडी आहे म्हणून दहा-साडेदहाला चढायला लागलं तरी चालतं, उघड्या डोंगरावर मी असं सांगितलं नसतं. चुका होतात त्या इथंच. गुरं चारणीला जातात त्यांच्या ढोरवाटा खऱ्या वाटेइतक्याच मळलेल्या असतात आणि शंभर पावलांवर झुडपात विरून जातात. फरक असा, की माणसाच्या वाटेवर वरच्या फांद्याही तुटलेल्या असतात. ढोरवाटेवर कमरेवरची झाडी तशीच शिल्लक असते. वाट संपली असं वाटलं की पुढं रेटायचं नाही, शेवटची नक्की खूण होती तिथं मागं यायचं. प्रत्येक फाट्यावर मागं वळून एक फोटो काढा. उतरताना तोच फाटा वेगळा दिसतो.

हिवाळ्यात वाटेला लोंबणाऱ्या तपकिरी, मखमली शेंगा दिसतील. दिसायला गोजिरवाण्या. ती खाजकुयली. नुसता वारा लागला तरी कुसं अंगावर येतात. लागलीच तर खाजवू नका, चोळू नका, पाणीही लगेच ओतू नका. चिकटपट्टी दाबून ओढा, कुसं तिच्यासोबत निघतात. म्हणून ती पिशवीत हवी, आणि म्हणून पूर्ण बाह्या.

आग्या मोहोळ दुसरं. कातळाला किंवा उंच झाडाला काळं पोळं दिसलं की आवाज बंद. अत्तर, डिओडरंट लावून यायचंच नाही, धूर करायचा नाही. विडी-सिगारेट खालीच ठेवून या. माश्या उठल्याच तर हात झाडत उभं न राहता तोंड झाकून झाडीतून लांब पळायचं. फुरसं वाळक्या पाल्यात, दगडाच्या उन्हाच्या बाजूला असतं, त्यामुळं हात कुठं टेकतो ते बघून टेका. गवा समोर आला तर तो वाटेचा मालक. थांबा, बाजूला सरा, त्याला जाऊ द्या, फोटोसाठी पुढं होऊ नका.

वर गोरक्षनाथाचं देऊळ लागतं. नवख्यांनी पहिल्या खेपेला इथंच डबा उघडावा, आणि घड्याळ बघावं. एक वाजायच्या आत इथं पोचला असाल, पाण्याच्या बाटल्या निम्म्याहून जास्त भरलेल्या असतील आणि कुणाच्या पायात गोळे आले नसतील तरच गडाकडं निघा. पाण्यावर खांदे दमलेले असतात याची जाणीव चढताना होत नाही, माथ्याजवळच्या कातळटप्प्यात हात टेकवायची वेळ आली की होते.

गडावर भक्कम दरवाजा, बुरूज असलं काही शोधू नका, निराश व्हाल. लहानसं सपाट रान आहे. पण मधोमध जमिनीला पडलेली एक फट आहे, तिच्यात पन्नासेक पायऱ्या खोल उतरत जातात. ही कावेची विहीर. आत पाणी नाही, लाल गेरूची माती आहे. ओलसर, गार, बाहेरच्या उन्हातून एकदम वेगळ्याच ऋतूत आल्यासारखी. पायऱ्या निसरड्या आहेत, एकामागं एक उतरा, बॅटरी लावून. माती पिशवीत भरून नेऊ नका. भिंतीवर नाव कोरणारा बरोबर असेल तर त्याला पुढच्या वेळी आणू नका.

गडाच्या कडेला येऊन बघितलं की सकाळचं सगळं पाणी खाली पडलेलं दिसतं. जिथं पाऊण तास वल्हं मारलं ते अंतर नखाएवढं. शेजारी केंजळगड, रायरेश्वर, कोळेश्वराचं पठार.

दोन वाजले की जिथं असाल तिथून उलटं फिरा, गड दहा मिनिटांवर राहिला असला तरी. सूर्य सहाला मावळतो, पण या खोऱ्यात डोंगराची सावली त्याच्या बरीच आधी पडते आणि झाडीत तर पाचलाच दिवेलागण होते. उतरताना गुडघे वाकवून, लहान पावलं टाका. वाळक्या पाल्यावरून घसरून मुरगळलेले पाय मी चढताना कधी पाहिले नाहीत, सगळे उतरतानाचे.

खाली आल्यावर

घरी फोन. हे चहाच्या आधी.

येताना रस्त्याकडेला स्ट्रॉबेरी मिळते, ती घ्या. पडवीत कयाक ठेवली असेल तर उजेडात जाऊन आणा, त्या माणसाला रात्री उठवू नका. घरी पोचल्यावर कितीही झोप आली तरी बोट गोड्या पाण्यानं धुऊन गच्चीत उलटी वाळत घाला, शिवणीतला गाळ बोटानं काढा. पहिल्या खेपेला मी तशीच गुंडाळून माळ्यावर टाकली होती. आठ दिवसांनी उघडली तेव्हा धोमच्या गाळाचा वास अख्ख्या घराला लागला, आणि मामेभाऊ नेमका त्याच दिवशी जेवायला आला होता.